सहीचा रकाना

सिस्टर सकाळी आठ वाजता यायची आणि आमचे हे पावणेआठलाच केस विंचरून बसलेले असायचे.

अडतीस वर्षांच्या संसारात माझ्यासाठी यांनी कधी फणी उचलली असेल तर शपथ. लग्नाच्या फोटोतसुद्धा यांचे केस उभे आहेत. आणि आता छातीला मशीनची पट्टी चिकटवलेली, पाय सुजून टम्म झालेले, दोन वाक्यं बोलली की धाप लागतेय, तरी रोज सकाळी, "दुर्गे, माझी फणी खंय?" मी फणी हातात द्यायचे नाही, गादीवर टाकायचे. त्यांना ती चाचपडत शोधावी लागायची. तेवढंच समाधान.

लोक म्हणतील, नवरा एवढा आजारी आणि ही बाई जळफळाट करत बसलीय, हिला लाज कशी वाटत नाही. वाटत होती ना लाज. लाजही वाटत होती आणि पोटात आगही पडत होती. पण पहिल्यापासून सांगते.

यांचं नाव मनमोहन राऊळ. लोअर परळच्या एका छापखान्यात मशीन चालवायचे, आता निवृत्त आहेत. मी परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात, बायकांच्या वॉर्डात एकतीस वर्षं आया होते. मुलगी श्रेया लग्न होऊन बंगळुरात. लालबागची आमची चाळ पाडून टॉवर बांधला, त्यात चौदाव्या मजल्यावर आम्हाला एक हॉल आणि किचन मिळालं. खिडकीतून शिवडीकडची खाडी दिसते, एवढीच काय ती श्रीमंती.

गेल्या महिन्यात यांचा श्वास इतका चढला की आडवं होता येईना. टॅक्सी करून एका खाजगी हॉस्पिटलात नेलं. तिथले डॉक्टर विजयकर, वयाने तरुण पण बोलायला शांत, म्हणाले, "काकांच्या हृदयाचा पंप कमजोर झालाय. अंगात पाणी साठलंय. ते इंजेक्शन देऊन बाहेर काढायचं. दहाएक दिवस लागतील. वॉर्डात ठेवू शकतो, किंवा हॉस्पिटल तुमच्या घरी पाठवू शकतो."

"हॉस्पिटल घरी कसं येईल?" मी विचारलं.

ते म्हणाले, सगळं येईल. ऑक्सिजनचं मशीन येईल, छातीवरच्या पट्टीचे आकडे आमच्या कंट्रोल रूममध्ये दिसत राहतील, सिस्टर दोनदा येऊन इंजेक्शन देईल, आणि मी रोज टॅबवर राउंड घेईन. पेशंट राहणार घरी, पण कागदोपत्री ॲडमिटच. त्रास वाढला तर ॲम्ब्युलन्स पाठवून इथे आणायचं, हे मात्र आत्ताच कबूल करा.

यांनी माझं मनगट घट्ट धरलं. त्याला कारण मीच. एकतीस वर्षं जेवताना मी यांना वॉर्डातल्या गोष्टी ऐकवल्या होत्या. कोण कशी गेली, कोणाचा मुलगा वेळेवर पोचलाच नाही, हिरवा पडदा ओढला की बाजूच्या खाटेवरच्या बायका कशा भिंतीकडे तोंड करून झोपायच्या. मला वाटायचं, हे ऐकत नाहीत, भात कालवतायत. सगळं ऐकत होते.

"माका थंय नको धाडू गो," हे हळूच म्हणाले. "काय व्हायचा ता घरात होवंदे."

मी शब्द दिला. हॉस्पिटलात जाऊ देणार नाही म्हणून. आणि मनातल्या मनात म्हटलं, बघाच आता. एकतीस वर्षं लोकांची केली, आता माझ्या माणसाची करून दाखवते.

दुसऱ्या दिवशी सिस्टर अनुजा आली.

अठ्ठावीसेक वर्षांची असेल. शिवडीहून स्कूटीवर यायची, पाठीला मोठी बॅग, पायात पांढरे बूट. बूट मात्र दाराबाहेर काढले, त्याबद्दल नाव ठेवायला जागा नाही. आत येऊन तिने चहूकडे नजर फिरवली आणि अर्ध्या तासात माझ्या घराचा वॉर्ड करून टाकला. पलंग खिडकीपाशी सरकवला. शिवणाचं मशीन कोपऱ्यात लोटलं. उशाला तीन उशा रचल्या. टीव्हीखालच्या कप्प्यातली माझी स्टीलची पातेली काढून तिथे कापूस, सुया आणि औषधं लावली. मी आपली किचनच्या दारात उभी. "काकी, जरा बाजूला होता?" ती गोड आवाजात म्हणाली, आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. कारण हेच वाक्य मी एकतीस वर्षं ऐकलं होतं. आया, बाजूला हो. सिस्टरना काम करू दे.

वॉर्डात आयाने सगळं करायचं. भांडं द्यायचं, घ्यायचं, धुवायचं, ओलं झालेलं बदलायचं, रडणारीला थोपटायचं. एका गोष्टीला हात लावायचा नाही, तो म्हणजे कागद. लघवीचं माप मी बघायचे आणि ओरडून सांगायचे, "सिस्टर, बारा नंबर, तीनशे!" लिहायची सिस्टर. खाली सही सिस्टरची. एवढ्या वर्षांत मी किती हजार भांडी मोजली असतील, पण त्या तक्त्यांवर माझं नाव औषधालाही सापडायचं नाही. सातवी पास आहे मी. नाव लिहिता येतं, अक्षरही वाईट नाही. पण कोणी विचारलंच नाही.

म्हणून अनुजाने एक मोठी वही माझ्यासमोर धरली तेव्हा क्षणभर मी सगळा राग विसरले. एका बाजूला पोटात किती पातळ गेलं, दुसऱ्या बाजूला लघवी किती झाली. वेळ, आकडा, कोणी दिलं, सही.

"दिवसभर तुम्ही भराल ना काकी? मी सकाळ-संध्याकाळच असते."

"भरेन की," मी म्हटलं.

"सव्वा लिटरच्या वर पातळ काही नको. मीठ अगदी नावाला. लोणचं, पापड, सुकी मासळी बंद. आणि भांडं असं डोळ्यांच्या रेषेत धरून मोजायचं," असं म्हणून तिने रिकामं भांडं उचलून मला दाखवलं. मला! मग ती म्हणाली, "आकडे तुम्ही लिहा, सही मी करत जाईन."

संपलं. परत तेच. वही मी तिच्या हातातून घेतली, पण त्या दिवसापासून माझं डोकं फिरलं ते फिरलंच.

आणि हे! आयुष्यभर दुधी भोपळा ताटात दिसला की पाट सरकवून उठणारा हा माणूस. अनुजाने विचारलं, "काका, आज दुधी खाल्ला का?" तर म्हणाले, "खाल्ला ना सिस्टर, मस्त होता." मस्त! तिने बोटाला क्लिप लावली की आज्ञाधारक मुलासारखा हात पुढे. सुई टोचताना "दुखलं का काका?" तर "छे छे, तुमचा हात हलका." माझा हात कसा आहे हे अडतीस वर्षांत यांनी सांगितलं नव्हतं. छापखान्यातल्या गमती तिला सांगायचे, धाप लागली की थांबायचे, परत सांगायचे. ती हसायची. एक-दोन गोष्टी तर मीही पहिल्यांदाच ऐकल्या, किचनमध्ये कांदा चिरता चिरता.

पण खरा घाव तिसऱ्या दिवशी बसला. ती यांच्या पायाला बोटाने दाबून सूज बघत होती, आणि हे एकदम म्हणाले, "सिस्टर, डोळा लागला की बुडतोय असं वाटतं. विहिरीत बुडाल्यासारखं. मग मी जागाच राहतो."

"काकींना सांगितलंत?"

"तिका कशाला सांगू? उगाच घाबरेल."

मी ओट्याशी उभी होते. याच पलंगाशेजारी खाली चटई टाकून मी झोपत होते. माझा माणूस विहिरीत बुडत होता आणि ते माझ्याऐवजी स्कूटीवरून आलेल्या पोरीला कळत होतं. रडू आलं, पण ते कांद्याच्या नावावर खपवलं. अनुजाने उशाला अजून एक उशी लावली आणि डॉक्टरांना फोन लावला. तिचं वागणं योग्यच होतं. म्हणूनच जास्त राग आला.

चौथ्या दिवशी सकाळी वजन एकोणसत्तर किलो चारशे भरलं. पहिल्या दिवशी एकाहत्तर दोनशे होतं. "वा काका! असंच चालू दे," अनुजा म्हणाली. हे फुलून गेले. ती गेल्यावर मी बिनमिठाची मुगाची उसळ आणि भाकरी दिली. यांनी दोन घास चिवडले आणि ताट सरकवलं.

"तिच्यासमोर बरं खाता," मी म्हटलं.

"तिच्यासमोर खाऊक लागता," हे म्हणाले. "तोंडाक चव नाही गो, दुर्गे. पेज असती तर..."

बस्स. तेवढं एक वाक्य मला पुरलं.

आमच्याकडे माणूस आजारी पडला की पेज. ताप आला, पेज. बाळंतपण झालं, पेज. उकड्या तांदळाची, मऊ शिजलेली, वर मीठ, आणि सोबत भाजलेल्या सुक्या बांगड्याचा तुकडा. गावाहून आलेला बांगडा डब्यात होताच. मी खिडकी उघडली, पंखा लावला, शेगडीवर बांगडा भाजला. त्या वासाने हे उशीवरून मान वर करून बघायला लागले. दोन वाट्या पेज भुरके मारत प्यायले. तिसरी मागितली. तोंड पुसून म्हणाले, "आता कसा जिवात जीव इलो."

काय सांगू मला काय झालं ते. अंगावर मूठभर मांस चढलं. आता बोलवा म्हटलं तुमच्या सिस्टरला. देईल का ती असं?

वहीत काही लिहिलं नाही. पेज म्हणजे जेवण, जेवण कशाला पातळात धरायचं, असं मी स्वतःला सांगितलं. पाणी, चहा, दूध लिहिलं. आमच्या घरात पेजेला कोणीही पाणी म्हणणार नाही. पण बांगड्याचं तरी काय? त्याचं मला कळत नव्हतं असं अजिबात नाही. एकतीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला न कळायला काय झालं? मला कळून घ्यायचं नव्हतं. ती जिंकत होती आणि मला एकदा तरी जिंकायचं होतं.

मग पाचव्या दिवशी पेज, सहाव्या दिवशी दोनदा पेज. एकदा सकाळी अकराला, एकदा दुपारी ती यायच्या आधी. वाटी घासून, पालथी घालून, उदबत्ती लावून मी तयार.

वजन पाचव्या दिवशी होतं तिथेच राहिलं. सहाव्या दिवशी सत्तर शंभर. अनुजाच्या कपाळाला आठ्या पडल्या. तिने वही उघडली, आकडे बेरीज करून बघितले. "पातळ अकराशे, लघवी सोळाशे. मग वजन वाढतंय कसं?" लादी वरखाली असेल म्हणून तिने वजनकाटा किचनमध्ये नेला. तिथेही तेवढंच. स्वतः उभी राहून तपासला. काटा बरोबर होता. टॅबवर डॉक्टर विजयकर दिसले, त्यांनी इंजेक्शन वाढवलं.

त्या वेळी ती गोंधळलेली बघून मला आनंद झाला. हे लिहिताना हात अडखळतो, पण झाला. म्हटलं, सगळं येतं ना तुला? मग सोडव. यांच्या घोट्यावरची सूज परत पिंडरीपर्यंत चढली होती, तीही मला दिसत होती. पण मी तिकडे बघायचं टाळून तिच्या आठ्या बघत होते.

सातव्या दिवशी सकाळची पेज झाली होती; दुपारी साडेतीनला मी दुसऱ्या पेजेची वाटी घेऊन आले तर हे घेईनात. पलंगाच्या कडेला बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून, खांदे वरखाली होत होते. ओठ काळपट पडले होते. "अवो," मी म्हटलं, "काय होतंय?" बोलता येत नव्हतं. मान फक्त हलवली. तेवढ्यात टॅब वाजायला लागला आणि लगेच फोन. कंट्रोल रूममधली बाई म्हणाली, "काकी, ऑक्सिजन सत्त्याऐंशी दिसतोय. नळी नाकाला लावा, पाय खाली सोडूनच बसवा, सिस्टर निघाली आहे."

नळी मी लावली. हात सरावाने आपोआप चालले. पेजेची वाटी तशीच टीव्हीखालच्या कप्प्यावर राहिली होती, ती उचलून किचनमध्ये नेली आणि वर ताटली झाकली. तशाही वेळी मला ती झाकायचं सुचलं.

अनुजा वीस मिनिटांत पोचली. केस विस्कटलेले, धापा टाकत. यांच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला, आकडे बघितले, टॅब उभा केला. डॉक्टर विजयकर समोर आले. तिने सगळं सांगितलं. वजन एकाहत्तर. म्हणजे सात दिवसांत जिथून निघालो तिथेच.

अनुजाने टॅबपुढे धरलेले वहीतले आकडे डॉक्टरांनी बघितले. मग म्हणाले, "चार्टप्रमाणे काका पितात कमी आणि लघवी भरपूर करतात. तरी पाणी वाढतंय. याचा अर्थ हृदय आणखी खचतंय, घरचं इंजेक्शन पुरत नाही. आयसीयूत आणावं लागेल." मग विचारलं, "चार्टच्या बाहेर काही पोटात गेलंय का? नीट आठवून सांगा."

अनुजा माझ्याकडे बघत होती. मी लादीकडे.

"मी," हे म्हणाले. एकेक शब्द ओढून आणल्यासारखा. "मी प्यालो पाणी. बेसिनचं. चोरून. हिला ठाऊक नाही."

"किती?"

"असंल दोन... तीन तांबे."

खोटं. धडधडीत खोटं. बेसिनपर्यंत हे तीन दिवसांत माझ्या खांद्याशिवाय गेले नव्हते. माझ्याकडे न बघता हे बोलत होते, टॅबकडे बघून, शाळेत छडी खायला हात पुढे करतात तसे.

डॉक्टरांनी सुस्कारा सोडला. "काका, मग तर तुम्हाला घरी ठेवणं अवघडच आहे. पेशंटच ऐकत नसेल तर जोखीम मी घेऊ शकत नाही. सिस्टर, ॲम्ब्युलन्स मागवा."

अनुजाने फोन उचलला. यांनी माझ्याकडे तेव्हा पहिल्यांदा बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. शब्द दिला होतास ना, एवढंच होतं त्यात. आणि मला एकदम तो हिरवा पडदा दिसला, त्याच्या आत हे, आणि बाहेर कोणी तरी म्हणतंय, बाजूला व्हा बाई.

"थांबा," मी म्हटलं. "हे खोटं बोलतायत. मी दिलं."

अनुजाने फोन खाली घेतला.

"पेज दिली मी. मीठ घालून. चार दिवस. आधी एकदा, मग दोनदा. तीन-तीन वाट्या. आणि सुका बांगडा." एकदा सुरू झाल्यावर मी थांबलेच नाही. "वहीत नाही लिहिलं. यांचा काही दोष नाही. हिच्या हातचं खातात, हिच्याशी बोलतात, म्हणून मला... म्हणून मी दिलं. मला माहीत होतं. यांना नेऊ नका. मला काय बोलायचं ते बोला."

अनुजाच्या तोंडावरचा रंग उडाला होता. दोन दिवस ती काटा उचलून इकडून तिकडे नेत होती. आता ती ओरडेल, असं मला वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"केवढी वाटी?" डॉक्टरांनी विचारलं. मी किचनमध्ये जाऊन ती झाकलेली वाटी आणली. अनुजाने पेज मापात ओतली. "दीडशे मिली, सर."

डॉक्टरांनी मनात हिशोब केला. "सहा वाट्या म्हणजे जवळजवळ एक लिटर. आणि वर बांगड्याचं मीठ." त्यांचा आवाज कडक होता, पण चेहरा मघापेक्षा सैल झाला. "काकी, तुम्ही फार मोठी चूक केलीत. पण वेळेवर सांगितलंत. म्हणजे औषध हरलेलं नाही. सिस्टर, आत्ता दुप्पट डोस शिरेतून द्या. दोन तास देतो. ऑक्सिजन वर आला आणि पाचशेच्या वर लघवी झाली तर काका घरी. नाही तर ॲम्ब्युलन्स. मग वाद नको."

अनुजाने इंजेक्शन दिलं. तिचा हात हलकाच होता, मी पहिल्यांदा जवळून बघितला. मग आम्ही दोघी बसलो, पलंगाच्या दोन बाजूंना.

यांना जरा बोलता यायला लागलं तसे हे माझ्यावरच चिडले. "कित्याक सांगलंस? मी घेतलं होतं ना माझ्या अंगावर?"

"गप्प बसा तुम्ही," मी म्हटलं, आणि पदर तोंडाला लावला.

पाऊण तासाने यांनी खूण केली. मी भांडं धरलं. काढून खिडकीच्या उजेडात नेलं, डोळ्यांच्या रेषेत. आणि सवयीने माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, "सिस्टर, दोनशे ऐंशी!"

अनुजाने लिहिलं. वीस मिनिटांनी परत. "सिस्टर, दोनशे दहा!" पाचशेला बरोबर दहा कमी. ऑक्सिजन एक्क्याण्णव झाला होता. मी देवाचं नाव घ्यायचं सोडून त्या भांड्याकडे बघत बसले होते. दोन तासांना दहा मिनिटं कमी असताना तिसऱ्यांदा झाली. मी खिडकीपाशी गेले. आकडा दोनदा बघितला, कारण आता माझ्या डोळ्यांवर माझाच भरवसा नव्हता. मग भांडं तसंच अनुजापुढे धरलं. "तुम्हीच बघा, सिस्टर."

तिने बघितलं. "तीनशे. म्हणजे सातशे नव्वद." आणि मग तिनेच डोळे मिटून मोठा श्वास सोडला.

ऑक्सिजन चौऱ्याण्णव. डॉक्टर म्हणाले, ठीक आहे, आज इथेच. ॲम्ब्युलन्स आली नाही. यांनी डोकं उशीला टेकवलं. ओठ परत माणसात आले होते.

मी वही उचलली आणि दोन्ही हातांनी अनुजाकडे दिली. "घ्या. आता माझ्याकडे नको ही."

तिने घेतली नाही. पान उघडून माझ्यासमोर पलंगावर ठेवलं आणि खिशातलं पेन वर ठेवलं.

"लिहा," ती म्हणाली. "जे जे दिलंत ते. तारीख, वेळ, किती वाट्या. बांगडासुद्धा."

"मी सांगते, तुम्ही लिहा. सही तुमचीच असते ना."

"मी जे दिलं नाही त्याच्यापुढे मी सही कशी करू, काकी?" तिच्या आवाजात राग होता, आणि तो योग्य होता. "ज्याने दिलं त्याने सही करायची. पहिल्या दिवशी मी तुम्हाला उलटं सांगितलं, ते माझं चुकलं. यापुढे तुमच्या प्रत्येक आकड्यापुढे तुमची सही पाहिजे. मग चूक असली तरी ती तुमच्या नावावर, आणि बरोबर असलं तरी."

मी खाली बसले. पेन धरताना बोटं ताठ झाली. चौथ्या दिवसापासून सुरुवात केली. पेज, तीन वाट्या, मीठ घातलेली. सुका बांगडा, एक तुकडा. कोणी दिलं, त्या रकान्यात: पत्नी. आणि मग शेवटचा रकाना. सौ. दुर्गा मनमोहन राऊळ, सगळं नाव लिहिलं. रकान्यात मावलं नाही, रेषेबाहेर गेलं.

एकतीस वर्षं ज्या सहीसाठी मी झुरले होते ती अखेर हॉस्पिटलच्या कागदावर झाली, आणि ती नवऱ्याला मरणाच्या दारात नेल्याबद्दल झाली. पाच वेळा. अनुजाने प्रत्येक ओळ वाचली आणि मान हलवली.

दुसऱ्या दिवशी वजन सत्तर तीनशे. नवव्या दिवशी एकोणसत्तरच्या खाली. डॉक्टरांनी पेजेला परवानगी दिली: एक वाटी, दीडशे मिली, बिनमिठाची, आणि पातळात धरून. ती मी अनुजासमोरच यांना भरवली, भरवून लिहिली, सही केली. आता सही रकान्यात मावायला लागली होती.

"काका, कशी होती पेज?" अनुजाने बॅग पाठीला लावता लावता विचारलं.

"एकदम छान, सिस्टर," हे हसून म्हणाले. केस अर्थातच विंचरलेले.

ती लिफ्टने खाली गेली. दार लागल्याचा आवाज आला, आणि यांनी तोंड वेडंवाकडं केलं.

"शी! पेज होती ती? भांडी धुतल्यावरचं पाणी बरं. आणि दुर्गे, आज डोळा लागला तर हात धरून बस माझा. ती विहीर परत येता."

मी फणी उचलून जागेवर ठेवली आणि यांच्या शेजारी बसले.